तारेतला चौथा शब्द

६ नोव्हेंबर १९७४, बुधवार

तार आली. स्कॉटलंडहून. सगळे मिळून सात शब्द, शेवटचा म्हणजे जावयाचं नाव.

इनेस. हॉस्पिटल. बेबी. स्टिल. लेटर. फॉलोज. मर्डो.

पोस्टातली आल्बा स्वतः माझ्या दारूच्या भट्टीवर घेऊन आली. "मला इंग्रजी येत नाही हो, पण हॉस्पिटल तेवढं कळलं," म्हणाली. मलाही तेवढंच कळलं. आणि बेबी. माझे हात द्राक्षांच्या चोथ्याने चिकट झालेले — कागदावर बोटं उमटली.

इनेसला, माझ्या पोरीला, सातवा चालू आहे. हेही मला दीनाकडून कळलेलं. दीना माझी धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून माझ्याकडेच असते. तीच इनेसला पत्रं लिहिते आणि खाली स्वतःच्या मनाने जोडते — 'बाबा आठवण काढतात.' काढतो. पण दीनाला कधी तसं सांगितलेलं नाही.

अडीच वर्षं झाली पोरगी त्या परक्या माणसाशी लग्न करून गेली त्याला. त्रेंतोच्या स्टेशनवर मी म्हटलं होतं, "गेलीस ती गेलीस." नंतर एक अक्षर लिहिलं नाही.

स्टिल म्हणजे काय?

७ नोव्हेंबर

लोरेदानाबाईंकडे गेलो. खालच्या शाळेत इंग्रजी शिकवतात, वय इनेसएवढंच. तार वाचली आणि म्हणाल्या, "स्टिल म्हणजे आपल्या इटालियनमध्ये 'आंकोरा', तुल्लिओकाका. अजून. बाळ अजून —" आणि थांबल्या.

"अजून काय?"

"तेच तर लिहिलेलं नाही."

मग जाडजूड शब्दकोश काढला. बापरे! एका शब्दाला अख्खा रकाना. आंकोरा — अजून. तुत्ताविया — तरीसुद्धा. क्विएतो — शांत. फेर्मो — न हलणारं. बाटलीतलं बुडबुडे नसलेलं पाणी. नातूरा मोर्ता — टेबलावरची फळं, मारलेला ससा, असलं चित्र. आपल्या भाषेत त्याला 'मेलेला निसर्ग' का म्हणतात, हे याआधी कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

आणि अलांबिक्को! ग्राप्पा, म्हणजे चोथ्याची दारू, गाळायचं आमचं तांब्याचं भांडं. तो अर्थ मला माहीत होता, फक्त कागदावर शब्द ओळखला नव्हता. मर्डो इथे एकदाच आला होता, लग्नाआधी. तोही तिकडे व्हिस्कीच्या भट्टीवर कामाला. माझ्या भांड्यावर हात ठेवून हसला आणि म्हणाला, "स्टिल!" आमच्या दोघांत त्या दिवशी झालेला तेवढाच एक शब्द. मी हात पुसून बाहेर निघून गेलो होतो.

"या लोकांना शब्द कमी पडतात का हो बाई?"

त्या हसल्या नाहीत. पान पटकन उलटलं. पण मला दिसलं होतं. रकान्याच्या खाली एक जोडशब्द होता आणि त्याच्यापुढे आपल्या भाषेतले दोन शब्द. ते इथे लिहीत नाही.

८ नोव्हेंबर

नातो मोर्तो. मेलेलं जन्मलेलं. लिहिलं एकदाचं.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ

सकाळपासून आच दोनदा जास्त झाली. चोथा खाली लागला, धारेला करपट वास. तीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. दीनाने लाकडं मागे ओढली.

मग माझा दोस्त विजिलियो आला. हा लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला आणि तीन वर्षं स्कॉटलंडमध्ये युद्धकैदी होता. तिथे बटाटे खणायचा. त्याला विचारलं, स्टिल म्हणजे काय रे?

टाचा जुळवून ताठ उभा राहिला. "स्टँड स्टिल! सार्जंट रोज सकाळी बोंबलायचा. म्हणजे जिथे आहेस तिथे खांब. हललास तर मेलास."

मी तिथेच पिंपावर बसलो. "म्हणजे बाळ हलत नाही?"

"अरे, मी तसं कुठे म्हटलं? मी सार्जंटचं सांगतोय!" तोही घाबरला. टोपी काढून डोकं खाजवत बसला. मग एकदम — "आणि हे बघ, ती शेतकऱ्याची बायको. जेवताना विचारायची, स्टिल हंग्री, विजिलियो? म्हणजे अजून भूक आहे का! मी हो म्हणायचो, ती बटाटे वाढायची. चांगला शब्द आहे, तुल्लिओ. मी त्या शब्दावर वजन वाढवलं!"

त्याला एक पेला पाजून लावून दिला. सार्जंट की शेतकरीण? कोणाचं खरं?

९ नोव्हेंबर

आपणही तार करायची ठरवलं. लोरेदानाबाई म्हणाल्या, "सरळ विचारू — बाळ जिवंत आहे का?"

"नको, असं नको." ज्याने उत्तर द्यायचं त्याची अवस्था काय असेल! आणि माझी? शेवटी एवढंच लिहिलं, 'काय झालं ते कळवा.' दुपारी पाठवली. संध्याकाळपर्यंत काही नाही. त्यांच्या घरी फोन नाही. हॉस्पिटल कुठलं ते माहीत नाही. पत्र मागून येतंय म्हणे — पण सध्या आपल्याकडचं टपाल म्हणजे! बोर्गो गावातल्या भावाचं नाताळचं कार्ड मला मार्चमध्ये मिळालं होतं.

१० नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेलो. सगळ्या गावाला कळलंय. आल्बा तोंड बंद ठेवेल तर शपथ. बायका माझ्याकडे बघून आवाज खाली आणतात. एकीने दीनाचा हात धरून "धीर धर गं," म्हटलं. दीना फाडकन म्हणाली, "कशाचा? अजून काही कळलेलं नाही!"

अजून. आमच्या 'आंकोरा'चेही दोन अर्थ आहेत — 'अजून' आणि 'पुन्हा'. साठ वर्षं बोलतोय, आज पहिल्यांदा लक्षात आलं. मी इंग्रजांना नावं ठेवत होतो.

११ नोव्हेंबर, संत मार्तिनचा दिवस

उत्तर नाही. लोक नवी वाइन काढून बसलेत. मी भट्टीवर. तांब्याला हात लावला की मर्डोचा तो हसरा चेहरा दिसतो, आणि मी हात पुसतोय.

१२ नोव्हेंबर

आज दीनाने शब्दकोश माझ्या हातातून ओढून घेतला. (बाईंकडून मागून आणला होता. दिवसातून दहा वेळा तेच पान.)

"हे काय चाळतोस? गाड्यांचं वेळापत्रक चाळ!"

"आणि भट्टी? गाळायला सरकारने सील फोडून दिलंय ते एकोणीस तारखेपर्यंतच. पुन्हा सील बसलं की चोथा कुजणार. सगळा हंगाम —"

"आपल्या बाबांच्या वेळी आच कोण सांभाळायचं? मी. तू पिंपामागे घोरत असायचास! पहिली धार फेकायची कधी, थांबायचं कधी, मला शिकवू नकोस. विजिलियो लाकडं घालेल."

"तू एकटी —"

"तुल्लिओ, तू भट्टीसाठी थांबलेला नाहीस. ती दार उघडेल आणि तुला काय बोलायचं ते सुचणार नाही, म्हणून थांबलायस."

मी बाहेर गेलो. लाकडं फोडली. गरज नव्हती, पुष्कळ फोडलेली होती.

परत आलो तर टेबलावर माझी बॅग. वर दोन सदरे, ओळखपत्र आणि इनेसच्या शेवटच्या पत्राचं पाकीट — मागे पत्ता आहे.

१३ नोव्हेंबर, गाडीत

मिलानच्या पुढे आलोय. याआधी इतक्या लांब फक्त लष्करातच गेलो होतो. लोरेदानाबाईंनी एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून दिलंय — मी इनेसचा बाप आहे, मला तिच्याकडे पोचवा. चिठ्ठी खिशात आहे ना, सारखं चाचपून बघतो.

समोरच्या बाकावर एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन. झोपलंय. हलत नाही. बघवेना, खिडकीकडे तोंड केलं. मग राहवेना म्हणून पुन्हा वळून पाहिलं. श्वास चालू होता. बाईने शाल ओढून घेतली. मी कसला माणूस, असं तिला वाटलं असेल!

१४ नोव्हेंबर, बोटीवर

फ्रान्सचं काले बंदर सोडलं. चांगलीच उलटी झाली. एक म्हातारा पाण्याचा पेला घेऊन आला आणि काहीतरी विचारलं. त्यात तो शब्द होता! नक्की होता. मी चिठ्ठी दाखवली. त्याने वाचली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा पेला आणायला गेला.

इनेसची आई गेली तेव्हा पोरगी नऊ वर्षांची होती. त्या दिवशीही मी तिच्याशी काही बोललो नव्हतो. भट्टी पेटवली होती.

१५ नोव्हेंबर

लंडन. गाडी बदलली. वर, वर, वरच जातेय ही गाडी. पाऊस. मेंढ्या. काय बोलायचं ते पाठ करतोय. पहिलं वाक्यच जमत नाही.

१६ नोव्हेंबर

बाळ आहे. पोटात आहे. इनेसने माझा हात तिथे दाबून धरला आणि मला सणसणीत लाथ बसली! तिला हॉस्पिटलात अंथरुणातून उठायची बंदी आहे, एवढंच. मर्डो तिच्याजवळच असतो. माझी तार त्याच्या दाराखाली तशीच पडलेली. त्याने तारेत 'स्टिल हिअर', म्हणजे 'अजून इथेच', लिहिलं होतं म्हणे. 'हिअर' वाटेत कुठे सांडलं, देव जाणे. मी खूप रडलो. तोही. भाषा लागली नाही.

मग मी चिडलो. "नुसतं 'बाळ ठीक' लिहायचं की! 'अजून आहे' असं कोणी लिहितं का?"

इनेस खिडकीकडे बघत राहिली. "पहिलं गेलं ना, बाबा. गेल्या वर्षी, वीस ऑक्टोबरला. मुलगा होता. आत्यालाही कळवलं नाही मी."

वीस ऑक्टोबर. गेल्या वर्षीची रोजनिशीची वही घरी आहे. त्या दिवशी मी काय लिहिलं असेल? चोथा आला. धार स्वच्छ पडली. असलंच काहीतरी.