एक बाई म्हणाली

आई,

गेले दोन महिने मी माझ्या जुन्या वह्या मोबाइलमध्ये उतरवतोय. टिपणं कुठल्या ॲपमध्ये ठेवावीत तेच आधी ठरत नव्हतं. एकात कप्पे सुरेख होते, पण मराठी शब्द शोधला की ते गप्प. दुसरं ॲप नेट गेलं की बंद, आणि आपल्या जळोचीत नेट कधी जाईल सांगता येत नाही. शेवटी तिसरं घेतलं. साधं आहे, शोधलेलं सापडतं. घरात आता विचारायला कुणी नाही, म्हणून एवढ्याशा गोष्टीलाही इतके दिवस गेले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कशात बी लिव, पर लिव."

तू एमआयडीसीतल्या डेअरीत दुधाच्या पिशव्या भरायचीस. घरी आलीस की डबा खाली ठेवायच्या आधी मला हाक. "वही आण. आज मनात एक आलंय." मग भाकरी थापत सांगायचीस. "दिवसभर गार पिशव्या धरून हात असं होत्यात, की तुझ्या कपाळाला लावायचं भ्या वाटतं." याच वाक्यावर माझी पहिली कथा उभी राहिली.

एकदा तू विचारलंस, "माझं नाव लिवतोस का रं तितं?"

"व्हय."

"कुठं?"

पदराला हात पुसून तू बोट पुढं केलंस. मी ते धरून एका ओळीवर ठेवलं. तुला वाचता येत नव्हतं. त्या ओळीवरून तू हळूच बोट फिरवलंस आणि परत तव्याकडं वळलीस.

काल शेवटची वही उतरवून झाली. सहज शोधायच्या चौकटीत 'आई' लिहिलं. काही सापडलं नाही. तुझं नाव लिहिलं, तरी तेच. मला ॲपचाच राग आला, म्हटलं, हेही फसलं. मग गार हातांचं वाक्य शोधलं, ते लगेच आलं. त्याच्या आधी लिहिलं होतं, 'एक बाई म्हणाली'. तेवढंच शोधलं तर ओळीच ओळी. सगळीकडं तूच. कॉलेजात वही मित्रांच्या हातात फिरायची, आणि माझी आई पिशव्या भरते हे त्यांना कळू नये असं मला वाटायचं. तेव्हा तुझी लाज वाटायची, आता माझी वाटते.

ॲपमध्ये एक शब्द सगळीकडं एकदम बदलायची सोय आहे. 'एक बाई' काढून 'आई' करायला एकदा बोट टेकवलं की झालं. मी टेकवलं नाही. जुनी वही काढली आणि पेन घेऊन ते पान उघडलं. तुझं बोट जिथं ठेवलं होतं, त्या ओळीतही एक बाईच आहे.

पेन तसंच राहिलं आणि हे लिहीत बसलो. तुला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो, हे कोण दाखवणार? तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच मी व्हय म्हणालो होतो, आई.