पट्टा तुमच्या मापाचा

अहो,

मी दवाखान्यात दाखल व्हायला चाललेय. वहिनी सोबत आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. जेवण झाकून ठेवलंय.

बेंबीजवळच्या त्या गोळ्याला हर्निया म्हणतात. पोटाची आतली भिंत फाटलीय आणि त्यातून आतडं बाहेर डोकावतंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन वर्षं तुम्ही त्याला चरबी म्हणालात. मी कळवळले की तुमचं ठरलेलं, "जरा कमी खा." वर मला पट्टा शिवून दिलात आणि गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत सुटलात. बाईंनी तो हातात घेऊन पाहिला. शिवण सुरेख आहे म्हणाल्या, पण त्यानं भोक बुजत नाही, आतून जाळी लावून टाकेच घालावे लागतात. उसवलेली पँट घेऊन कोणी आलं तर तुम्ही वरून नाडी बांधून परत पाठवता का हो? शिंप्याच्या बायकोला हे परक्या बाईकडून ऐकावं लागलं.

आता तुमचं. कापडाचा तागा उचलताना तुम्ही जांघेत हात दाबून धरता, ते मला कधीचं दिसतंय. तोही हर्नियाच, विचारून आलेय. गोळा आत जाईनासा झाला, कडक झाला, उलट्या लागल्या, की आतडं सडायला वेळ लागत नाही म्हणे.

तो पट्टा काल उसवून तुमच्या मापाचा केलाय. मशीनवर आहे, बांधा. आणि दुखायला लागलं तर मला फोन करू नका.

जरा कमी खा.