सुहासच्या हकिकतीच्या प्रती

१२ जानेवारी, सोमवार
हकिकत लिहून झाली. दीड पान. एका बोटाने, पाच दिवस. सूनबाईने किबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावून दिलेत, तरी मान दुखते.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, "काका, भाऊ कसा गेला ते तुमच्या शब्दांत लिहा. त्यावरून मी कोर्टाचा कागद करते." खोली वडिलांमागे आम्हा दोघांच्या नावावर. चाळ पडून टॉवर होणार. सुहासची सही तरी पाहिजे, नाहीतर सुहास हयात नाही असं दिंडोशीच्या कोर्टाने तरी म्हटलं पाहिजे. दोन्ही नाही तर माझ्या मुलाला, प्रकाशला, नवीन घर नाही.

लिहिलं: "माझा धाकटा भाऊ दुपारी जेवून, कोणाला काही न सांगता निघून गेला. त्याला एकोणीस वर्षे झाली."
बास. सरळ आहे.

१३ जाने.
सूनबाईने प्रत काढायला शिकवली. फाइलवर उजवं बटण, कॉपी, मग मोकळ्या जागी पेस्ट. "बाबा, मूळ फाइलला हात लावायचा नाही. जे काय खोडायचं ते कॉपीत खोडा."

गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या ऑफिसात शिपाई होतो, तेव्हा कार्बन घालून टाइप व्हायचं. खालचा कागद फिकट यायचा, प्रत कुठली ते आंधळ्यालाही कळायचं. इथे दोन्ही सारख्याच काळ्या. कुठली आधीची, ते नुसतं नावावरून. मला ते बरं वाटलं नाही.

१५ जाने.
जुन्या पत्त्यात पिनकोड राहिला होता म्हणून प्रत उघडली. दुसऱ्याच ओळीत: "माझा धाकटा भाऊ दुपारी जेवला नव्हता. ताट तसेच होते."

मूळ फाइल उघडली. तिथे "जेवून", मी लिहिलं तसंच.

चष्मा पुसला. पुन्हा तेच. ताटाचं मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या दुपारी घरात तिघंच. मी, सुहास आणि प्र.ची आई. ती जाऊन तीन वर्षं झाली.

१६ जाने.
सूनबाईला दाखवलं. तिलाही दिसतं. म्हणजे डोळ्यांचा दोष नाही. म्हणाली, "तुम्हीच लिहिलंत ना, आणि विसरलात." असेल. गॅस चालू राहतो माझ्याकडून, हेही होईल. ती प्रत उडवली. मूळ फाइलवरून नवीन काढली. कॉपी दोन.

नवीन प्रत आधी वाचून घेतली. शब्दाला शब्द बरोबर.

२० जाने.
दुपारी वकीलबाईंकडे. प्र. सुट्टी काढून बरोबर. सूनबाई कामावर, नात शाळेत. कुलूप मीच लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

बाईंनी हकिकत वाचली. म्हणाल्या, "पितृपक्षात भावाचं पान वाढता ना? तेही लिहा. घरचे त्याला गेलेला समजतात, असं दिसलं की बरं."

प्र.च म्हणाला, "हो, वाढतो ना, दर वर्षी."

खोटं. म्हाळाला आईवडिलांची पानं वाढायची, सुहासचं कधीच नाही. मी एकदा म्हटलं होतं, वाढून टाक, सुटेल बिचारा. प्र.ची आई पळी आपटून म्हणाली होती, "जित्या माणसाचं पान कावळ्याक घालूचा? तुमीच घाला." मी घातलं नाही.

घरी येऊन कॉपी दोन उघडली, पानाची ओळ घालायला. ओळ तिथे होती. मी घालायच्या आधी.

"वाढलेले पान माझे नव्हते."

माझे.

२१ जाने.
सूनबाईने फाइलवर शेवटचा बदल कधी झाला ते काढून दाखवलं. काल दुपारी तीन चाळीस. तेव्हा आम्ही बाईंच्या टेबलासमोर. घराला कुलूप. कॉम्प्युटर बंद.

सूनबाई म्हणाली, "घड्याळ चुकलं असेल त्याचं." कोपऱ्यातलं घड्याळ आणि भिंतीवरचं, दोन्ही सारखी चालत होती. तिने पाहिलं. मीही पाहिलं. मग ती कणीक मळायला गेली.

भिंतीवरच्या घड्याळाखालच्या कोपऱ्यात बसून जेवायचा सुहास. आता तिथे कॉम्प्युटरचं टेबल आहे.

२४ जाने.
तिसरी प्रत काढली. का काढली, सांगता येत नाही. कोणी बोलत असेल तर त्याला कागद द्यावा, असं काहीतरी.

दुपारी जेवण झाल्यावर उघडली. हकिकत पहिल्यापासून शेवटपर्यंत बदललेली. कोण काय बोललं, सगळं. आणि शेवटी, मी मालवणीत कधी लिहीत नाही तरी,
"दादा, दार उघड मरे. चप्पल भितर रवली माझी."

आता इथे लिहितो, कारण आणखी कुठे लिहिणार.

सुहासला लग्न करायचं होतं. बाई विधवा, पदरी एक मुलगी. मी म्हटलं, या खोलीत दुसरा संसार मांडायचा नाही. तो म्हणाला, खोली माझीही आहे. मी हाताला धरून बाहेर काढला आणि कडी घातली. तो ठोकत राहिला. हळू. राग नव्हता त्यात. प्र.ची आई उठली, तिला मी बस म्हटलं. ती बसली. मग ठोकणं थांबलं. मला वाटलं, रात्री येईल.

त्या उन्हात अनवाणी गेला.

चप्पल प्र.च्या आईने धुऊन पिशवीत ठेवली. पुढे पिशवी कुठे गेली, मी विचारलं नाही. आणि ती जाईपर्यंत माझ्या समोर बसून जेवली नाही. माझं झालं की मग बसायची. प्र.ला वाटायचं, जुन्या वळणाची आहे.

२७ जाने.
प्र.ला तिसरी प्रत वाचायला दिली. उभ्यानेच वाचली. म्हणाला, "हे तुम्ही लिहिलंत?"
"लिहिलं नाही. पण खरं आहे."
"बाबा, डोकं फिरवू नका हां."
"तुझा काका आहे कुठेतरी. नाहीतर हे कोण..."
"काका असता तर एकोणीस वर्षांत एक फोन केला नसता? आणि समजा आहे. मग? पोरगी दहा वर्षांची झाली, अजून जमिनीवर वही ठेवून अभ्यास करते. एकोणीस वर्षं गप्प बसलात ना? आता आठ दिवस बसवत नाही तुम्हाला?"

सूनबाई म्हणाली, "अहो, हळू. शेजारी ऐकतायत."
"ऐकू दे. सगळ्यांना घर मिळणार, आपण बसू भुताखेतांची रोजनिशी लिहीत."

चुकीचं काही बोलला नाही.

२९ जाने.
वकीलबाईंकडे सही. त्यांनी मूळ फाइलवरून कागद तयार ठेवला होता, म्हाळाच्या पानासकट. तीन प्रती. "काका, तिन्हीवर सही करा, शपथेवर आहे बरं का, म्हणून नीट वाचून."

वाचलं. "जेवून." "न सांगता." पेन हातात घेतलं. सही केली असती.

मग खिशातून तिसरी प्रत काढली. सकाळीच झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली होती. बाईंपुढे ठेवली. म्हटलं, "सही यावर करतो."

बाईंनी वाचलं. चष्मा काढला. "काका, यावर कोर्ट त्याला गेलेला मानणार नाही. उलट विचारेल, शोधला का नाहीत. वर्षं जातील. बिल्डर थांबणार नाही."
मी म्हटलं, "माहीत आहे."

सही केली. प्र. बाहेर गेला. रिक्षात शेवटपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. घराखाली उतरल्यावर एवढंच म्हणाला, "आईला हे सगळं ठाऊक होतं?"
"होतं."
"आणि तिला बोलू दिलं नाहीत."

३० जाने.
सकाळी कॉम्प्युटर लावला, सगळ्या प्रती उडवून टाकाव्यात म्हणून. मूळ हकिकत, कॉपी दोन, कॉपी तीन. खाली आणखी एक फाइल. मी काढलेली नाही. नावात कॉपी नाही, आकडा नाही. नाव नुसतं "दादा".

बदलाची वेळ काल दुपारची. मी सही करत होतो तेव्हाची.

सूनबाईला हाक मारली. "मी नाही हो बाबा," म्हणाली आणि दारातच उभी राहिली, आत येईना. नातीला कॉम्प्युटरचा पासवर्डच माहीत नाही.

उघडली नाही. चहा गार झाला. काय असेल त्यात. पत्ता असेल. शिव्या असतील. नाहीतर कोरं पान.

प्र. कामाला निघाला होता, बूट घातलेले. कालपासून बोललेला नाही. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बूट काढले, स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला.

"तुम्ही उघडताय, की मी उघडू?"