चौथा ठोका

४ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल परवा दुपारी पोचलं. खोका उघडला तर खोलीभर भुसाच भुसा, आणि त्यात तुझं ते हातभर लांबीचं इंजिन. काय रे देखणं केलंयस! काळं कुळकुळीत, आणि पितळ असं लखलखतंय की मी त्यात बघून केस सारखे केले. साठीला आलास तरी तुझी खुडबूड काही सुटली नाही.

ह्यांच्या उशाशी स्टुलावर ठेवलं. व्यायाम करून घ्यायला येतात त्या बाईंनीच सांगितलं होतं, की उजवं अंग गेलं, वाचा गेली, पण मन कशात तरी अडकलं पाहिजे, नाहीतर तेही मिटून जाईल. आवडीचं काहीतरी डोळ्यांसमोर ठेवा, म्हणाल्या. अडतीस वर्षं लोको शेडमध्ये वाफेची इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसाला आणखी काय आवडणार? ह्यांनी पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

तीन महिने झाले. पाणी दिलं तर पितात, नाही दिलं तर तहान लागलीय असंही दाखवत नाहीत. मीठ कमी, चहा गार, बटण तुटकं म्हणून जन्मभर माझा जीव खाल्लेला माणूस! परवा मी मुद्दाम चहा गार करून दिला. तोही मुकाट्याने प्यायले, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला बाकी काही नको. त्यांनी एकदा काहीतरी मागावं, नाहीतर निदान माझ्यावर रागवावं. तुझ्या इंजिनात काय कमी आहे ते कळव.

तब्येतीला जप, आणि ताईवर आहे तेवढी माया राहू दे.

तुझी ताई

*

१६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कामाच्या टेबलावरच वाचलं. समोर एका वकिलांची कवळी बनवत होतो, तिचे दोन दात तिरके बसले. आता ते कोर्टात उभे राहून माझ्या नावाने बोटं मोडतील.

इंजिनात कमी काही नाही, जास्त आहे. चकाकी जास्त आहे. लहान इंजिन करणाऱ्या आम्हा लोकांची ही खोडच. खऱ्या इंजिनाचा एकेक खिळा मोजून बसवतो आणि मग त्याला नवरीसारखं सजवतो. राबणारं इंजिन असं कुठे असतं? भावोजींना ते खेळणं वाटलं, यात त्यांची चूक नाही.

तुला एक सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आले होते, तेव्हा मी हेच इंजिन वाफेवर चालवून दाखवलं होतं. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, की दिसायला इंजिन आहे, ऐकायला शिवणयंत्र आहे. मला ते लागलं. त्यानंतर वर्षभर मी पत्र धाडलं नाही ते कामामुळे नव्हे. तेव्हाच रुसवा गिळून विचारलं असतं, की मग कसं हवं, तर चार गोष्टी कळल्या असत्या. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालो, आणि आता विहीरच बोलत नाही.

तेव्हा तूच सांग. इंजिनं कुठे मळायची, कुठे झिजायची, तुला जे आठवेल ते लिही. इंजिन परत पाठव. मी ते चांगलं घाण करून देतो.

चुकल्यामाकल्याची क्षमा करून लोभ ठेवावास.

तुझा खुडबुड्या

*

१ मार्च

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

इंजिन कालच टपालात टाकलं. बाकी तू विचारलंस कोणाला रे! मी कधी इंजिनाला हात लावलाय का? मी फक्त ह्यांचे कपडे धुतलेत. पण कपड्यांवरून सांगते, बघ काही उपयोग होतो का.

चिमणीजवळची काजळी बारीक, ती पाण्याने जायची. चाकांकडची काळी, चिकट. ती राख लावून घासली तरी राहायची. गुडघ्यांवर पांढरे डाग असायचे, चुन्यासारखे. विचारलं तर म्हणायचे, की पाण्याचा पाइप जिथे गळतो तिथे इंजिनाच्या अंगावर असेच पांढरे ओघळ येतात. आणि डबा द्यायला फाटकाशी जायची तेव्हा पाहिलेलं, की सगळं इंजिन काळं, फक्त चढायच्या दांड्या मधोमध चकाकायच्या, रोजचे हात लागून. तुझ्या दांड्या टोकापासून टोकापर्यंत चकाकतात.

आणखी एक आठवलं, ते इंजिनाचं नाही, ह्यांचंच आहे. जेवता जेवता लांबून एखादं इंजिन गेलं की ह्यांचा घास थांबायचा. बोट ताटाच्या कडेवर वाजायचं, टक टक टक टक. मग म्हणायचे, की लंगडतेय बाई. म्हणजे काय म्हणून एकदा विचारलं, तर सांगितलं की चाक एकदा फिरलं की वाफेचे चार ठोके पडतात. चारही सारखे पडले तर इंजिन निरोगी. एक जरी हलका पडला तरी झडप सरकलेली असते. दुसऱ्या दिवशी तासभर आधी कामावर हजर. आणि इथे माझा स्वयंपाक निवून जायचा. त्या लंगड्या बायांवर मी फार जळायची रे.

परवा त्यांच्या बोटाला तेल लावत होते. बोट चांगलं हलतंय, डावं आहे ना. पण ते कशासाठी हलवायचं, हेच उरलेलं नाही.

डोळ्यांची तपासणी टाळू नकोस, आणि असाच पत्राला पत्र देत जा.

तुझी ताई

*

१० एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू कपडे धुतलेस म्हणतेस, पण तुझं पत्र मी भिंतीला टाचून काम केलं. सगळी चकाकी उतरवली. खऱ्या कोळशाची पूड करून मागच्या डब्यात भरली, कारण मोठे तुकडे लहान इंजिनात दगड वाटतात. पाइपाखाली पांढरे ओघळ काढले, कवळीच्या साच्याचं प्लास्टर पाण्यात कालवून. दांड्या फक्त मधोमध घासल्या.

शिवणयंत्राचाही बंदोबस्त केला. लहान चाकं फार भरभर फिरतात म्हणून ठोके एकात एक मिसळतात. आता इंजिन एका लाकडी घोडीवर बसवलंय, चाकं अधांतरी फिरतील, आणि त्यांना खालून एक जड चाक जोडलंय, म्हणजे ती दमाने फिरतील. ठोके मोजता येतील एवढ्या दमाने.

पण इथेच माझी पंचाईत झाली. ठोके मोजता यायला लागले आणि कळलं, की चौथा हलका पडतोय. टक टक टक, आणि मग नुसता उसासा. महिनाभर झडपेचा स्क्रू इकडे तिकडे फिरवतोय, पण मला काही ते साधत नाही. माझे हात बारीक कामाचे आहेत गं, कान नाहीत. त्यात डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायची तारीख आली. म्हणून आहे तसं पाठवतोय. भावोजींना नुसतं दाखव. मी येईपर्यंत त्याखालचा स्पिरिटचा दिवा मात्र पेटवू नकोस. लंगडं इंजिन त्यांच्या कानावर घालायला मला लाज वाटते.

आशीर्वाद असू दे, आणि लोभही.

तुझा खुडबुड्या

*

१९ एप्रिल

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

मी दिवा पेटवला. लहानपणापासून तू नको म्हणालास की मी तेच करत आले, हे तुला ठाऊक असताना लिहिलंस कशाला?

आधी नुसतंच दाखवलं होतं. ह्यांनी डाव्या हाताचं बोट काजळीवरून फिरवलं आणि मग बोट बघितलं. बोटाला काही लागलंच नाही, रंगच तो! झालं, पुन्हा भिंत. मला इतका संताप आला, तुझा, ह्यांचा, सगळ्याचाच. पहिल्या पार्सलातल्या तुझ्या चिठ्ठीत लिहिलंय तसं पाणी भरलं आणि काडी ओढली.

पाचेक मिनिटांनी चाकं हलली. आणि खुडबुड्या, ह्यांची मान वळली. बोट चादरीवर वाजायला लागलं. तीन वेळा वाजायचं, आणि चौथ्याला हवेतच थांबायचं. मग त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं! कपाळावर आठी, अशी की जणू ते इंजिन मीच बिघडवलंय. साडेपाच महिन्यांनी माझ्यावर कुणी रागावलं रे. मी हसले आणि रडले, दोन्ही एकदमच.

पण पुढचं ऐक. त्यांनी हात पुढे केला. मी पेचकस दिला. बोटांत धरवेना, पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. चौथ्या वेळी त्यांनी तो फेकला आणि तोंड वाकडं करून लहान मुलासारखे रडायला लागले. तेव्हापासून आज तीन दिवस नुसतं झडपेकडे बोट. जेवताना बोट, अंग पुसताना बोट. त्यांनी काहीतरी मागावं म्हणून मी जीव टाकत होते ना? मागितलं ते असं, की मला देता येत नाही. तू ये आणि ते नीट करून जा. हे बघवत नाही.

वाट पाहते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

*

२७ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी सांगतोय आणि शेजारचे पोस्टमास्तर लिहून घेतायत. डोळ्यावर पट्टी आहे. महिनाभर वाकायचं नाही, प्रवास नाही, बारीक काम नाही. आणि खरं सांगू, डोळा धड असता आणि आलो असतो, तरी मी काय केलं असतं? मला जमत असतं तर लंगडं पाठवलंच नसतं. भावोजी पलंगावर, मी इथे आंधळ्यासारखा बसून.

एकच सुचतं. कान त्यांचे आहेत, हात तुझे आहेत. डाव्या चाकाच्या वर एक पातळ दांडी पुढेमागे होते, तिच्या टोकाला तांदळाएवढा स्क्रू आहे. दिवा विझव, निवू दे, स्क्रू अगदी पाव वळसा फिरव, पुन्हा पेटव आणि त्यांच्या बोटाकडे बघ. बोट सांगेल तसं कर. पोस्टमास्तर विचारतायत, की बाईंना हे जमेल का. मी सांगितलं, की तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही.

नमस्कार, आणि लोभाची भूक आहेच.

तुझा खुडबुड्या

*

२० मे

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

बारा दिवस लागले. दोन बोटं भाजली, एक चादर जळली, आणि पोस्टमास्तरांना सांग की बाईंना जमलं.

पहिले चार दिवस नुसता सावळा गोंधळ. मी डावीकडे फिरवायची, ते कपाळ बडवून घ्यायचे. मग एक रीत बसली. बोट वर उचललं की पुढे, खाली दाबलं की मागे, आणि डोळे मिटले की हात काढ, बाई, हात काढ! शेडमधल्या पोरांना कसे पिदडत असतील ते आता कळलं. गेल्या सोमवारी सकाळी पेटवलं, चाकं फिरायला लागली, आणि बोट वाजलं ते चार वेळा वाजलं. पुन्हा चार. मग ह्यांनी पंजा चादरीवर सपाट ठेवला. शेडमध्ये इंजिन पास झालं की ते त्याच्या अंगावर असाच हात ठेवायचे. त्या दिवशी पोटभर जेवले आणि मीठ कमी म्हणून ताटली ढकलली. मी मीठ आणायला धावले.

पण मंगळवारी इंजिन पेटवलं तर बघेनात. काम संपलं होतं ना! पुन्हा भिंत. बुधवारीही भिंत. मग गुरुवारी, व्यायामाच्या बाई त्यांना खुर्चीत बसवून बाहेरच्या खोलीत घेऊन गेल्या, तेव्हा मी गुपचूप स्क्रू पाव वळसा मागे फिरवला. आले, ऐकलं, आठी पडली, बोट उठलं. आता रोज हेच. त्यांची पाठ फिरली की मी बिघडवते, आणि ते डोळे वटारून माझ्याकडून नीट करून घेतात. चाळीस वर्षांच्या संसारात खोटं बोलले नव्हते, आता रोज सकाळी न चुकता बोलते. कुणाला सांगू नकोस.

पट्टी निघाल्यावर स्वतःच्या हाताने लिही. तुझ्या अक्षराला मुंग्यांची रांग म्हणायची, ती आठवते. पोस्टमास्तरांनाही माझा आशीर्वाद सांग.

तुझी ताई

*

२९ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

या मुंग्या माझ्याच. पट्टी निघाली. तुझं पत्र मी स्वतः पाच वेळा वाचलं. ताई, तू जन्मभर त्या लंगड्या बायांवर जळलीस, आणि आता रोज स्वतःच एक लंगडी करतेस!

एक शंका येते. भावोजींना कळत नसेल का, की झडप रोज आपोआप सरकत नाही? अडतीस वर्षं काढलीत त्यांनी. मला वाटतं, कळत असेल. तरी बोट उठतंय ना? मग तू बिघडवत राहा.

मी १८ जूनला येतोय. येताना मोकळ्या हाताने येईन, फक्त ऐकायला. दोन वर्षांपूर्वी विचारायचं राहिलं ते आता विचारणार आहे. बोटाने का होईना, सांगतील.

तोवर दोघांनी लोभ सांभाळून ठेवावा.

तुझा खुडबुड्या

*

१४ जून

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी पहाटे ह्यांना दुसरा झटका आला. डॉक्टर येऊन गेले. हलवण्यात अर्थ नाही म्हणाले. तार करणार होते, पण तारेत काय लिहावं ते सुचेना. डोळे उघडे आहेत, पाणी चमच्याने जातं.

आज सकाळी मी इंजिन पेटवलं. कालच स्क्रू मागे फिरवून ठेवला होता, पाव नाही, चांगला अर्धा वळसा, म्हणजे बहिऱ्यालासुद्धा ऐकू यावं. लंगडलं, खूप लंगडलं. मी बोटाकडे बघत बसले. बोट चादरीवर होतं, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. पाणी संपेपर्यंत इंजिन लंगडत राहिलं, पण बोट उठलं नाही. भिंतीकडेसुद्धा वळले नाहीत रे. वळले असते तरी चाललं असतं.

मग वाटलं, हे असं लंगडं त्यांच्या उशाशी ठेवणं बरं नाही. त्यांनी कुठलंच इंजिन तसं सोडलं नसेल. निवू दिलं, स्क्रू फिरवला, पुन्हा पेटवलं. असं चार वेळा केलं. या वेळी बोट सांगत नव्हतं, पण मला आपोआप ऐकू येत होतं, कुठला ठोका हलका आहे ते. इतके दिवस मी त्यांच्या बोटाकडे बघत होते, आणि कान कधी तयार झाले ते कळलंच नाही. दुपारपर्यंत चारही सारखे पडायला लागले. निदान मला तरी सारखे वाटले. मी ह्यांचा पंजा उचलून चादरीवर सपाट ठेवला, पण तो मी ठेवलेला होता.

तू १८ तारखेपर्यंत थांबू नकोस, आधीच ये. आल्याबरोबर तुझ्यासमोर इंजिन पेटवते. तुला कान नाहीत हे माहीत आहे. तरी शेजारी बस आणि बरोबर आहे एवढं म्हण.

तुझी ताई