वादळाची वामकुक्षी

९ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी साडेबारा

निवृत्त होऊन आज अकरा महिने. आजपासून रोजनिशी. संकल्प: सकाळी साडेपाचला उठणे, चहात अर्धाच चमचा साखर, बायकोशी वाद बंद. (आजचे साडेपाच हुकले, कारण संकल्पच दहा वाजता केला.)

रेडिओवर बातमी: खाली समुद्रात मोठं चक्रीवादळ तयार झालंय आणि ते बहुधा आपल्याच किनाऱ्याकडे येतंय. बहुधा! हवामान खात्यातल्या लोकांचा हा आवडता शब्द. मी किनारा सर्वेक्षण कचेरीत चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. या किनाऱ्याचा खडक न् खडक माझ्या पेनाखालून गेलाय. या वादळाचा माग मी स्वतः काढणार. कपाटावरून मोठा नकाशा उतरवला. आत एक झुरळ होतं. तेही निवृत्त वाटलं.

बारा वाजता वादळ ११.९ वर. म्हणजे ११ अंश ९ मिनिटं. ऑफिसात आम्ही अंश आणि मिनिटांमध्ये असंच टिंब द्यायचो. खरं तर रेडिओवाल्याने ‘अकरा पॉइंट शून्य नऊ’ म्हणायला हवं. पण शून्य उच्चारायचाही आळस! हल्ली शिस्तच राहिली नाही.

आपली गल्ली १६ अंश ५० मिनिटांवर. साठ मिनिटांचा एक अंश, आणि एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. म्हणजे वादळ अजून फार लांब. हे सगळं बायकोला समजावलं. ती शाळेत पाचवीला गणित शिकवते, तरी निमूट ऐकून घेतलं.

संध्याकाळी सव्वासहा

१२.२! सहा तासांत त्रेपन्न मैल. चांगलाच पळतोय गडी. चहा दोनदा झाला. साखर मोजली नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी साडेसात

साडेपाचला गजर झाला. तो बंद करायला उठलो होतो, तेव्हा संकल्प पाळला असंच धरतो.

१२.८. म्हणजे कालच्या संध्याकाळपासून सगळी रात्र गेली आणि वादळ जेमतेम सहा मैल सरकलं. आधी धाव, मग आराम. यात काहीतरी आहे.

खिडक्यांना ठोकायला फळ्या आणल्या होत्या. त्यातल्या चार मोठ्या जोडून नकाशासाठी बोर्ड केला. भिंतीवर नुसता चिकटवला तर टाचण्या नीट बसत नाहीत. उरलेल्या दोन फळ्या न्हाणीघराच्या झरोक्याला पुरतील. बायकोने बोर्डाकडे पाहिलं, खिडक्यांकडे पाहिलं. काही बोलली नाही. वाद बंदचा संकल्प तीही पाळतेय असं दिसतं.

दुपारी एक

१३.१. उडी! सकाळपासून त्रेपन्न मैल.

कोपऱ्यावरचा बेकरीवाला नकाशा बघायला आला. म्हणाला, काय वेधशाळा, कुठवर आलं? त्याच्यामागून आणखी चारपाच जण आले. दारात चपलांचा ढीग. अकरा महिन्यांत आपल्या दारात एवढ्या चपला पहिल्यांदाच. मी डिव्हायडर हातात घेऊन सगळ्यांना नीट दाखवलं. आई पलंगावरून बघत होती. मग वॉकर धरून उठली आणि सगळ्यांना पाणी दिलं. एक्याऐंशी वर्षांची बाई, ऐकते कुठे?

११ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी आठ

साखरेचा संकल्प वादळ संपेपर्यंत तहकूब. डोक्याला इंधन लागतं.

आज सकाळी १४.०. काल संध्याकाळी १३.४ होतं. रात्रीतून पुन्हा उडी. सिद्धांत तयार आहे: हे वादळ साधारण दिवसाला एकदा अंशभर उडी मारतं आणि बाकी वेळ पडून असतं. जेवून आडवं होणाऱ्या माणसासारखं. नाव दिलं: वामकुक्षी सिद्धांत. जगात कुणी मांडल्याचं ऐकिवात नाही.

संध्याकाळी सात

दुपारी १४.३, सहाला १४.६. सहा तासांत तीन मैल! झोपलंय. सिद्धांत सिद्ध.

टीव्हीवाले वादळ कितीतरी जवळ दाखवतात. नुसता घाबरवण्याचा धंदा. टीव्ही बंद केला. बायकोने लावला. मी पुन्हा बंद केला. हा वाद नव्हे, कारण कुणी बोललं नाही.

उद्यापासून ही शाळेतच राहणार. शाळेच्या वरच्या मजल्यावर निवाऱ्याची सोय आहे आणि शिक्षकांना ड्युटी लागली आहे. जाण्याआधी मला तीन गोष्टी सांगितल्या. उद्या चारची बस शेवटची. आईंना त्याच बसने आणायचं. आईंच्या गोळ्यांचा डबा फ्रिजवर आहे. मी म्हटलं, नोंद घेतली. तिने विचारलं, कुठे? म्हटलं, रोजनिशीत. घ्या, घेतली.

१२ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी साडेनऊ

१५.२. अपेक्षेप्रमाणे रात्रीत उडी. आता हिशेब सोपा. आज दिवसभर झोप. आज रात्री उडी मारून सोळावर, मग शुक्रवारभर तिथे झोप. पुढची उडी शनिवारी पहाटे, तेव्हा आपल्या डोक्यावर. म्हणजे शुक्रवारी निवांत आवरायचं आणि संध्याकाळी आईला रिक्षाने शाळेत न्यायचं. आजच्या बसच्या गर्दीत आईची हाडं कशाला खिळखिळी करायची?

गल्लीतली बरीच मंडळी सामान बांधताहेत. मी दारात उभा राहून शनिवार, शनिवार असं सांगत होतो. लोक मान हलवत होते आणि सामान बांधत होते.

दुपारी सव्वातीन

१५.५. घोरतंय.

आईला सगळं सांगितलं. ती नकाशाकडे बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं की तुझी खात्री आहे ना. म्हटलं, चौतीस वर्षांची आहे. मग राहू, म्हणाली. बायकोचे फोन आले. दोन. उचलले नाहीत. एकदा डिव्हायडर हातात होता आणि एकदा नव्हता.

दुपारी साडेचार

बस गेली. भोंग्यावरून आपल्या घराचं नाव दोनदा पुकारलं. मी खिडकीतून, आम्ही शनिवारचे, असं ओरडलो. कंडक्टरने कपाळावर हात मारला. नमस्कार असेल.

बेकरीवाला भट्टी विझवून कुटुंबाला घेऊन गेला. तो मला वेधशाळा म्हणायचा! आज नकाशाला कुणी आलं नाही. म्हणजे सगळ्यांची शंका फिटली असावी.

संध्याकाळी सहा

१५.८. वारा सुटलाय. झोपलेला माणूसही घोरतोच. आईला हाच दाखला दिला. ती हसली, पण शाल काढायला सांगितली.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी साडेसात

आज खराच साडेपाचला उठलो. संकल्पाने नव्हे, बाहेर पत्रा पडला म्हणून. संकल्प पूर्ण.

लाइट नाही. रेडिओ सेलवर. आताच सांगितलं, १६.५. सोळा अंश पाच मिनिटं. सिद्धांताप्रमाणे सोळावर येऊन झोपलंय. आपल्यापासून पंचेचाळीस मैल. सगळं वेळापत्रकाप्रमाणे.

अंगणात पाणी आहे. भरतीचं असावं.

पावणेआठ

पाणी भरतीचं नाही. ओहोटीची वेळ आहे, मी स्वतः तक्ता बघितला. पायरी बुडाली.

आठ

घरात घोट्यापर्यंत पाणी. आईला पलंगावर बसवलं आणि पलंगाखाली विटा लावायला गेलो. विटा अंगणात आहेत. अंगण दिसत नाही. समोरच्या खिडकीची काच फुटली. फळ्या बोर्डाला आहेत. बोर्ड काढून खिडकीला लावायला गेलो तर तो खिडकीपेक्षा वीतभर मोठा. मापं माझीच.

रिक्षावाल्याला फोन लागत नाही. बायकोलाही लागत नाही. काल ती करत होती.

पंचेचाळीस मैलांवरून झोपेत कुणी इतकं करत नाही. मला भीती वाटतेय. हे इथे लिहितो, कारण आईसमोर तोंडावर हसू ठेवलंय. मी तिला इथे ठेवून घेतलं. बस दारात आली होती.

आई म्हणते, लिहिणं पुरे, माझा हात धर.

सकाळी सव्वादहा. शाळा, वरचा मजला

साडेआठला दारात हॉर्न वाजला. बेकरीवाल्याची पावाची व्हॅन, चाकं अर्धी पाण्यात. निवाऱ्यात पाव पोचवून परत आला होता. बायकोने पाठवलं होतं. ती त्याला म्हणाली होती म्हणे, शेवटच्या बसमधून ते उतरले नाहीत म्हणजे घरीच असणार, ओळखते मी. त्याने शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईला दोघांनी उचललं. पाठीमागे रिकाम्या ट्रेंमध्ये बसवली. तिच्या मांडीवर गुंडाळलेला नकाशा दिला. गोळ्यांचा डबा फ्रिजवरच राहिला. चपलाही. म्हणजे माझ्या आईला मी अनवाणी आणलं आणि नकाशा कोरडा आणला. गल्लीच्या तोंडाशी व्हॅन दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा आईने डोळे मिटले आणि माझा हात असा धरला की अजून बोटं दुखताहेत.

दारात बायको होती. आधी आईचे पाय पुसले. खिशातून गोळ्या काढून दिल्या. एक जादा पाकीट तिने बुधवारीच स्वतःजवळ ठेवलं होतं. माझ्याकडे बघितलंच नाही.

सकाळी साडेअकरा

आम्हाला पाचवी ब चा वर्ग मिळालाय. हिचाच. माझी पाठ फळ्याला. खिडक्या थरथरताहेत. मी जमिनीवर नकाशा पसरला. कळेना की चुकलं कुठे. झोपलेलं वादळ पंचेचाळीस मैल आलं कसं? ही पाव वाटता वाटता थांबली. माझा नोंदींचा रकाना वाचला. वरून खाली, मग पुन्हा वर. तिने विचारलं, हे सोळा पॉइंट पाच, तुम्ही सोळा अंश पाच मिनिटं धरलंत? म्हटलं, मग काय धरायचं?

तिने माझ्या डोक्यावरून फळ्याकडे बोट दाखवलं. मी वळलो. मंगळवारचा धडा, तिच्याच गोल अक्षरात: ०.५ म्हणजे अर्धा.

ती म्हणाली, “सोळा पॉइंट पाच म्हणजे साडेसोळा, हो.”

साडेसोळा. मी साडेपाचला उठणारा माणूस. सोळा अंश तीस मिनिटं. सकाळी वादळ पंचेचाळीस मैलांवर नव्हतं, वीसवर होतं. आणि ते कधी झोपलंच नाही. उडीही मारली नाही. रोज एकसारखी पावलं टाकत आलं. पॉइंट नऊच्या पुढे अंश बदलला की मला उडी दिसायची. झोपत मी होतो.

दुपारी अडीच

डोळा वरून गेला. थोडा वेळ ऊनही पडलं. आता पुन्हा वारा, उलट बाजूने.

बेकरीवाला गच्चीच्या जिन्यातून बघून आला. आपल्या घराची कौलं नाहीत. आतपर्यंत पाणी आहे, खिडकीच्या वर. आईचा पलंग खिडकीच्या खाली होता.

मी आईजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आई, मी तुला मारलंच होतं.  ती म्हणाली की मंगळवारी टीव्हीवरचं वादळ बघितलं तेव्हाच तिला कळलं होतं, तुझं काहीतरी चुकतंय. मी विचारलं, मग बसमध्ये का नाही बसलीस?

“अकरा महिन्यांत तुला पहिल्यांदा कुणी काही विचारायला आलं होतं रे. माझ्याच्याने मोडवेना.”

मग तिने माझ्या पाठीवर एक चापटी मारली, चांगली जोरात. म्हणाली की लहानपणी प्रत्येक गणित मला दाखवून मग शाळेत न्यायचास, हेही दाखवायचं होतंस. मी रडलो. वर्गात सत्तावीस माणसं होती. सगळी खिडकीकडे बघत राहिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

१४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी दहा

वादळ जमिनीवर जाऊन विरलं. रेडिओवर शेवटचं ठिकाण सांगितलं. मी लिहिलं नाही.

घर दुरुस्त होईपर्यंत इथेच. बेकरीवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं, काय वेधशाळा, आता पाऊस आहे का? म्हटलं, आता पाचवी ब च्या बाईंना विचारा. आई हसली. ही हसली नाही, पण चहा दिला. त्यात साखर नव्हती.

संकल्प: काहीही नाही.

दुपारी चार

रिकामा बसलो होतो. हिने समोर पाचवी ब च्या वह्यांचा गठ्ठा आणून ठेवला. म्हणाली, सुट्टी संपेपर्यंत तपासून द्या, कामाला लागा. इतक्या विश्वासाने कुणी काम दिलं की छाती फुगते. लाल पेन घेऊन बसलो. पहिली वही उघडली, दुसरी, तिसरी.

हिने गुणाकाराच्याच वह्या दिल्या आहेत. दशांशाच्या स्वतः तपासतेय.