चोवीस नावांची यादी

दिंद्रुड
सोमवार, ४ एप्रिल २०१६

प्रिय मुक्ताक्का,

धाकटीचा नमस्कार तुझ्यापर्यंत पोहोचावा आणि उलट टपाली तुझं रागावणंही मला मिळावं, कारण दिवाळीनंतर मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. दाजींचे गुडघे कसे आहेत? वकिलीसाठी कोर्टाचे जिने अजून चढतात का? इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. टँकर आठ दिवसांनी येतो. मागची कडुनिंबाची झाडं तेवढी हिरवी आहेत, ती कशावर जगतात देव जाणे.

फोन का केला नाहीस, असं तू म्हणशील. फोन यांच्या नावावर आहे आणि मी कुणाशी किती वेळ बोलले ते हे रोज बघतात. म्हणून हे पत्र बायनाबाईंच्या हाती देते. आमच्याकडे भांड्याला येतात त्या. परवा सकाळच्या एसटीने लेकीकडे, तुमच्या आष्टीलाच निघाल्यात. त्यांना वाचता येत नाही, ही खात्री मी आधी करून घेतली. बघ, तुझ्या भोळ्या बहिणीचं डोकं कसं चालायला लागलंय.

आक्का, मला फार भीती वाटते. बाहेर जीप वाजली की हातातलं भांडं पडतं. आत्ताही एक वाजली, मी पत्र पिठाच्या डब्यात टाकून आले. दुधाची गाडी होती.

तुला ठाऊकच आहे, हे कारखान्यावर संचालक म्हणून निवडून आले, तेव्हाच पहारेकरी पुरवायचं कंत्राट निघालं. सहकारातल्या संचालकाला स्वतःच्याच कारखान्याचं कंत्राट घेता येत नाही. मग बायको कशाला असते? ‘शिवकन्या सिक्युरिटी सर्व्हिसेस’ अशी पाटी लागली तेव्हा तूच पेढे मागितले होतेस. परवाना माझ्या नावावर आहे. ऑफिसच्या भिंतीवर, खंडोबाच्या फोटोखाली, काचेत लावलाय. त्यावरच्या अटी मी चार वर्षांत पहिल्यांदा गेल्या आठवड्यात वाचल्या, स्टुलावर चढून. प्रत्येक पहारेकऱ्याची पोलीस पडताळणी हवी, शंभर तास वर्गात आणि साठ तास मैदानात प्रशिक्षण हवं. आमच्या माणसांना शाळेच्या पटांगणात एक सकाळ सावधान-विश्राम केलं होतं. ओळखपत्रांच्या फोटोसाठी टाय एकच होता, तो एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात गेला. एक्केचाळीस फोटोंत तोच निळा टाय. तेव्हा मी पोट धरून हसले होते. प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या दाखल्यांवर सह्या माझ्याच आहेत.

आता मूळ गोष्ट लिहिते. यंदा ऊस नाही, म्हणून गाळप नाही. कारखान्यात जागं काय असेल तर साठवण तलाव. तिथून गावांचे टँकर भरतात. तिथे आमचा इसाक पहाऱ्यावर असायचा. आधी तो बाजारात पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा. विहिरी आटल्या, मोटारी बंद पडल्या, जळायलाच काही उरलं नाही तर दुरुस्त काय करणार? म्हणून तो आमच्याकडे आला. गेल्या मंगळवारी दुपारी दोन टँकर एकाच पाइपासाठी रिव्हर्स घेत मागे यायला लागले. इसाक मध्ये उभा राहून शिट्टी वाजवत होता. एका टँकरने त्याला भिंतीशी दाबलं. अंबाजोगाईला दवाखान्यात आहे. कमरेचं हाड मोडलंय. जीव वाचला, पण उभा राहील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत.

आणि विम्याच्या यादीत त्याचं नाव नाही. राहून गेलं.

कसं राहिलं ते पुढे लिहिते. पाणी आलं वाटतं, आरडाओरडा चाललाय.

मंगळवार

काल पुन्हा बसायची हिंमत झाली नाही. आज हे कारखान्याच्या बैठकीला गेलेत, पाचपर्यंत येणार नाहीत. दाराला आतून कडी घातली आहे.

शनिवारी इसाकची बायको आली होती, आमिनाबी. बस म्हटलं तर बसली नाही. पदराच्या गाठीतून तिने त्याचं ओळखपत्र काढलं. निळा टाय, आणि त्यावर वाळलेलं रक्त.

“भाभी, ये सही तुमारीच हाय ना?”

मी हो म्हटलं.

“दवाखान्यात विमेवाले साहेब आलते. ते बोलले, ये आदमी लिस्टमें न्हाई. भाभी, तुमच्या गेटवर उभा होता ना वो? तुमचीच शिट्टी होती ना गळ्यात?”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. मी तिला पाणी दिलं. अर्धा तांब्या पिऊन तिने उरलेलं परत माझ्या हातात दिलं, सांडू नये म्हणून जपून.

ती गेल्यावर यांनी कागद पुढे ठेवला. एजन्सीचं लेटरहेड, खाली माझी सही, वर टाइप केलेलं: इसाक यांनी १५ मार्चपासून स्वखुशीने काम सोडले आहे. म्हणजे तलावावर तो आपला आपण गेला होता, एजन्सीचा नाही आणि कारखान्याचाही नाही. आक्का, हे मी टाइप केलं नाही, वाचलंही नव्हतं, पण सही माझी. दर लक्ष्मीपूजनाला हे वह्यांबरोबर कोऱ्या लेटरहेडची गड्डीही पूजेला मांडतात. हळदीकुंकू वाहिलं की म्हणतात, मालकीणबाई, शकुनाच्या दहा सह्या करा. मी हळदीच्याच हाताने करते. वर्षभर त्या कामाला येतात.

“पण मार्चच्या कागदावर हळद कशी?” मी विचारलं. कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा पिवळा डाग होता.

यांनी कात्री आणून दिली. “कोपरा काप. आन् गुरुवारी अकराला ठाण्यात साहेब इचारतील, तवा इतकंच सांगायचं, त्यानं काम सोडलतं. लई बोलायचं न्हाई.”

“आन् न्हाई सांगितलं तर?”

“तर परवाना कुणाच्या नावावर हाय, ते बघ.” एवढं बोलून हे जेवायला बसले. आमटीला मीठ कमी आहे म्हणाले.

तेव्हापासून मला डोळ्यांपुढे सारखं ठाणं दिसतं. बाकावर बसलेली मी दिसते, आणि येणारी-जाणारी दिंद्रुडची माणसं दिसतात. नवऱ्याने हात वर केलेत, हे कळायला मला अठरा वर्षं लागली. पण यांचं सगळं सांगून झालं आणि माझं मात्र मी अजून लिहिलेलं नाही. तू लहानपणी माझी कॉपी अशीच पकडायचीस, आधी गप्प बसून.

यादी मी केली, आक्का. कारखान्याच्या करारात प्रत्येक पहारेकऱ्याचा अपघात विमा हवा, अशी अट आहे. हे म्हणाले, “चोवीसच नावं लिही, कोण मोजतंय.” कोणती लिहायची ते मला विचारायचं होतं, पण हे निघून गेले. मग मी एकटी बसले आणि एक्केचाळीस माणसांतून चोवीस निवडली. मनापासून निवडली गं. बॉयलरजवळ असतात ते घेतले, मळीच्या टाकीवरचे घेतले, भंगारचोर येतात त्या बाजूचे सगळे घेतले. ज्यांना धोका आहे त्यांना आधी. इसाकचं नाव मी लिहिलं होतं, आठवं. नंतर खोडलं आणि तिथे मळीच्या टाकीवरचा माणूस घातला. माझ्या मनात आलं, हा तर पाण्यापाशी उभा असतो. पाण्यापाशी कुणाला काय होणार?

या वर्षी, या गावात, मला असं वाटलं. कारखान्यात सगळ्यात जिवावरची जागा तीच होती आणि सावलीची नोकरी म्हणून मी त्याला विम्याबाहेर ठेवला. याची लाज वाटते, आणि शिक्षेपेक्षा जास्त भीती मला या लाजेची वाटते. आमिनाबीला हे माहीत नाही. तिला वाटतं, राहून गेलं.

आज दुपारी मी कपाट उघडलं. कोऱ्या सह्यांचे सात कागद उरले होते, ते चुलीत घातले. संध्याकाळी यांना कळेल. काय करतील, ठाऊक नाही. हात उचलत नाहीत, पण उचलणार नाहीतच असं मला आता म्हणवत नाही. १५ मार्चचा तो कागद या पत्रासोबत आहे, कोपऱ्यासकट. बायनाबाईंच्या पिशवीत, साडीत गुंडाळून मार्चचं हजेरीबुकही पाठवते. त्यात एकोणतीस तारखेपर्यंत इसाकच्या सह्या आहेत, उर्दूत. दोन्ही दाजींकडे दे. इथे ठेवलं तर माझा धीर सुटेल आणि मीच कापत बसेन, मला मी ओळखते. बुधवारी ते तुझ्याकडे पोहोचलं की मागे फिरायची वाट माझ्यापुरती बंद झाली.

गुरुवारी अकराला मी ठाण्यात सांगणार आहे की इसाक माझा माणूस होता आणि त्याचं नाव मी खोडलं. जमलं तर दाजींना पाठव. तू येऊ नकोस, तुला पाहिलं तर मी रडेन आणि बोलायचं राहील. नंतर मला घरात घेतलं नाही तर तुझ्याकडे येईन. जागा आहे का, ते विचारत नाही.

आणि आमिनाबीलाही सांगायचं आहे. ठाण्यापेक्षा ते अवघड आहे. आधी तिच्याकडे जाईन.

जीप आली. या वेळी आपलीच आहे, हॉर्न ओळखते. बायनाबाई मागच्या दाराशी उभ्या आहेत.

हे पत्र मी पहिल्या ओळीपासून वाचून काढलं आहे, आणि मगच खाली सही करते.

तुझी,
शिवकन्या