अमेरिकेची निवडणूक आणि आमच्या उमाची सुपारी

१४ ऑक्टोबर १९५६, रविवार. अंबड.
आजपासून रोज लिहायचं. अमेरिकेत सहा नोव्हेंबरला निवडणूक आहे आणि अंबडात तिचा अभ्यास असलेला माणूस एकच, तो म्हणजे मी. वाचनालयात मुंबईहून फुकट येणारं अमेरिकन मासिक दोनदा वाचलं. दोन पार्ट्या. एकीची निशाणी हत्ती, दुसरीची गाढव. दोन्ही बाजू निःपक्षपातीपणे तोलल्या आणि चार मिनिटांत हत्तीचा निर्णय घेतला. गणपतीचं तोंड असलेली पार्टी अनीतीनं कशी वागेल?

संध्याकाळी मार्तंड चहाला आला. शाळेत मास्तर, वीस वर्षांचा मित्र, आणि आता व्याही होणार. आमच्या उमाची सुपारी त्याच्या मुलाशी अकरा नोव्हेंबरला फुटायची आहे. त्याच्याच घरी, कारण त्याची आई अंथरुणाला खिळलेली. दोन्ही बापांनी शेजारी बसून सुपारी फोडायची, ही आमच्याकडची रीत. फार चांगला दिवस गेला.

१७ ऑक्टोबर, बुधवार.
मार्तंड गाढवाच्या बाजूचा निघाला. मुद्दाम. म्हणे ती कामगारांची पार्टी आहे. मी शांतपणे विचारलं, त्यांच्या उमेदवाराची काडीमोड झालेली आहे हे पेपरात वाचलंस का? ज्याला घर सांभाळता आलं नाही तो देश काय सांभाळणार? मार्तंड म्हणाला, त्याच्या घराशी आपल्याला काय करायचं. ग्रंथपाल दोनदा 'हळू' म्हणाले. दोन्ही वेळा मार्तंडला म्हणाले असावेत.

निश्चय: आवाज चढवायचा नाही. अतिरेक वाईट. अतिरेक करणाऱ्याला माझ्याकडे क्षमा नाही.

२० ऑक्टोबर, शनिवार.
कचेरीत सामान्य जनतेचं मत अजमावलं. आमचा शिपाई म्हस्कू धनगराच्या घरचा. बाप अजून मेंढरं घेऊन शहागडपर्यंत जातो. त्याला हत्ती आणि गाढव नीट समजावून सांगितले. त्याचं मत हत्तीलाच, असं मी पक्कं धरलं होतं.

"गाढव बराबर हाय, साहेब," तो म्हणाला. "आमचं समदं बिऱ्हाड त्याच्याच पाठीवर ऱ्हातं. हत्तीनं कवा कुणाचं बिऱ्हाड वाह्यलंय?"

मग काडीमोडीचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला की त्याच्या बहिणीचीही काडीमोड झालेली आहे, रीतसर पंचांपुढं. मग दुसरं लग्न लावून दिलं, आता दोन लेकरं आहेत, सुखात आहे. एवढं बोलून तो माझ्यासाठी पाणी आणायला गेला तो आलाच नाही. जनता अजून तयार नाही.

२५ ऑक्टोबर, गुरुवार.
'नीतिमूल्य संरक्षक मंडळ' स्थापन केलं. अध्यक्ष मी. चिटणीस सध्या मीच. वाचनालयात उभं राहून पहिली शपथ वाचली: अनीतीची बाजू घेणाऱ्यानं लेखी माघार घेईपर्यंत त्याच्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. सह्यांसाठी कागद फिरवला. परत आला तेव्हा दोन सह्या होत्या. एक माझी. दुसरी एका म्हाताऱ्या सभासदाची, त्यांना तो पुस्तकांच्या मागणीचा कागद वाटला होता.

मार्तंड चष्मा पुसत बसला होता. माझं घरही त्यात आलं का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, प्रिन्सिपल म्हणजे प्रिन्सिपल. घरी येईपर्यंत छातीत धडधडत होतं. तत्त्वासाठी उभं राहिलं की असं होत असावं.

२९ ऑक्टोबर, सोमवार.
हिनं, म्हणजे आमच्या रमाबाईनं, विचारलं की अकरा तारखेचं काय. मी सांगितलं, मार्तंड लेखी देईल, मग जाऊ. ही अनारशाचं पीठ मळत होती, पुढं काही बोलली नाही. ही बोलली नाही म्हणजे हिला पटलं, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव. उमा दाराआड उभी होती, डोळे लाल. चुलीला धूर फार होतो. ओली लाकडं आणायची नाहीत.

१ नोव्हेंबर, गुरुवार.
आज हैदराबाद राज्य संपलं, आम्ही मुंबई राज्यात आलो. कचेरीत सगळे बदल्यांचं आणि सीनिऑरिटीचंच बोलत होते. किती संकुचित दृष्टी. मी विषय अमेरिकेकडे वळवला, तेव्हा साहेबांनी मला रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. तिथं मार्तंडच्या माघारीचा मसुदा तयार केला. तीनदा लिहिला. भाषा गोड ठेवली आहे, त्यानं फक्त सही करायची.

४ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.
मेहुणा दीनानाथ जालन्याहून आला. ओवाळणी झाली तरी जायचं नाव काढत नाही. आठ दिवसांची रजा घेतलीय म्हणे. बहीणभाऊ स्वयंपाकघरात हळू बोलतात आणि मी गेलो की भाजीचं बोलतात. मार्तंडची समजूत कशी घालायची याचाच खल चालला असणार.

दहा दिवस झाले, मार्तंड चहाला आलेला नाही. मी दोनदा त्याच्या गल्लीतून गेलो. कचेरी उलट्या बाजूला आहे, पण चालणं तब्येतीला चांगलं.

८ नोव्हेंबर, गुरुवार.
हत्ती जिंकला. पेढे घेऊन वाचनालयात गेलो. मार्तंडनं दोन खाल्ले आणि माझं अभिनंदन केलं. मला वाईट वाटलं. हरलेल्या माणसानं जरा तरी हरल्यासारखं दिसावं. मसुदा पुढं केला. त्यानं सगळा वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवला.

"रविवारी ये, शरद," म्हणाला. "आई वाट बघून राह्यली."

मी म्हणालो, आधी सही. तो उठून गेला. पेढे उरले आहेत.

११ नोव्हेंबर, रविवार. सकाळी आठ.
आज मार्तंड सही घेऊन येणार. येणारच. कोट झटकला, टोपी घातली, ओसरीवर खुर्ची टाकली. त्यानं माफी मागितली की लगेच मिठी मारायची. जास्त ताणायचं नाही.

सकाळी दहा.
ही, उमा आणि दीनानाथ मार्तंडकडे निघाले. उमानं हिरवं पातळ नेसलं होतं. ही दारात थांबून म्हणाली, येता का. मी म्हणालो, तुम्ही पुढं होऊन त्याची समजूत घाला, मी इथंच थांबतो. मग ही गेली.

दुपारी एक.
मार्तंड नाही. रस्त्यापर्यंत चार वेळा जाऊन आलो.

दुपारी तीन.
अजून कुणीच नाही. मसुद्यातला 'अनीती' हा शब्द खोडून 'गैरसमज' केला.

संध्याकाळी पाच.
सगळे आले. सुपारी फुटली. माझ्या जागी दीनानाथ बसला. मी म्हणालो, हा अतिरेक झाला. दीनानाथ पाय धुवायला गेला, ही आत गेली. उमानं माझ्यापुढं जेवणाचं ताट ठेवलं. मार्तंडनं पाठवलेलं.

"तुमची शपथ मोडायला नको, म्हणून मामा बसले," ती म्हणाली. "आजी सारखं विचारून राह्यल्या, मुलीचे वडील कुठं हायेत. मंग मी सांगितलं, बाबांना कचेरीत अर्जंट काम निघालं."

रविवारी कचेरी बंद असते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक. तरी कुणी काही बोललं नाही म्हणे. पोरगी भर सभेत माझ्यासाठी खोटं बोलली. मंडळाचा अध्यक्ष म्हणून तिला समज द्यायला हवी होती. दिली नाही. काम कसलं आणि काय, मी दिवसभर ओसरीवर नुसता बसून होतो.